अपघातात लागलं तर भरपाई कुठे, कशी आणि किती दिवसांत मागायची: मुंबईकरांसाठी

मुंबईत लोकलमधून पडून, खड्ड्यात गाडी जाऊन, बसने ठोकरून, झाडाची फांदी अंगावर पडून माणसं रोज जखमी होतात आणि त्यातल्या खूप जणांना कायद्याने भरपाई मिळू शकते, पण मिळत नाही. मी विधी सेवेच्या कामात लोकांचे कागद लावून द्यायला मदत करते, तिथे सारखं हेच दिसतं की कायदा बाजूने होता पण मुदत निघून गेली होती किंवा पहिल्याच दिवशी कोणीतरी चुकीचं लिहून ठेवलं होतं. म्हणून कायद्याचं पुस्तक न उघडता, ज्याला यातलं काहीच माहीत नाही त्याने कुठून सुरुवात करायची ते सांगते.

दावा बसतो का, हे आधी बघा

साध्या भाषेत तीन गोष्टी लागतात. समोरच्यावर काळजी घ्यायची जबाबदारी होती, ती त्याने पाळली नाही, आणि त्यामुळेच तुम्हाला इजा झाली. ड्रायव्हरने सिग्नल तोडला पण तुम्ही वाचलात, नुसती छाती धडधडली, तर दावा नाही. सोसायटीची लिफ्ट तीन महिने झटके देत होती, सेक्रेटरीला लेखी कळवलं होतं, तरी दुरुस्त केली नाही आणि त्यात तुमच्या आईचा पाय मोडला, तर दावा बसतो. हे तिसरं, म्हणजे "त्यामुळेच" झालं हे दाखवणं, सगळ्यात अवघड जातं, कारण समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की गुडघा आधीपासून दुखत नव्हता कशावरून.

पण सगळीकडे चूक सिद्ध करावीच लागते असं नाही. रेल्वेच्या बाबतीत बऱ्याच वेळा लागत नाही, आणि गाडीच्या अपघातात एक ठराविक रक्कम चूक न दाखवताही मिळते. ते खाली येईलच.

अजून एक गैरसमज, पोलिस केस आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलिस केसमध्ये ड्रायव्हरला शिक्षा होते की नाही ते ठरतं, पैसे तुमच्या दाव्यातून येतात. ड्रायव्हर सुटला म्हणून तुमचा क्लेम मेला असं होत नाही, कारण क्लेममध्ये पुरावा तितका कडक लागत नाही, कुठली गोष्ट घडली असण्याची शक्यता जास्त आहे एवढंच बघतात.

पहिला दिवस, कॅज्युअल्टीतला कागद

यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण अर्धी केस इथेच ठरते. पेशंटला केईएम, सायन, कूपर, कुठेही नेलंत की कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, काय झालं? तो तुमचं उत्तर केस पेपरवर एका ओळीत लिहितो आणि ती ओळ पुढे वर्षानुवर्षं तुमच्या मागे फिरते. घरचे लोक घाबरलेले असतात, पोलिसांची कटकट नको म्हणून "घरी जिन्यावरून पडला" सांगतात, किंवा ज्याच्या गाडीने उडवलं तोच हॉस्पिटलमध्ये घेऊन आलेला असतो आणि हात जोडून म्हणतो, दादा खर्च मी करतो, ॲक्सिडेंट लिहू नका. दोन दिवसांनी त्याचा फोन लागत नाही. आणि मग ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, इन्शुरन्स कंपनीचा वकील तोच केस पेपर समोर धरून विचारतो की जिन्यावरून पडलेल्या माणसाला आमच्या गाडीने कशी धडक दिली.

म्हणून खरं तेच सांगा. कुठे, किती वाजता, कुठल्या गाडीने, नंबर माहीत असेल तर नंबर. एमएलसी झाली का विचारा, म्हणजे मेडिको लीगल केस म्हणून नोंद, त्याचा नंबर लिहून घ्या. केस पेपरचा फोटो तिथल्या तिथे काढा. काही चुकीचं लिहिलेलं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून दुरुस्ती करून घ्या, महिन्याने सांगितलं तर ते बनवल्यासारखं वाटतं.

पैशांची भीती असते म्हणूनही लोक ॲक्सिडेंट लिहायला घाबरतात. तर हे माहीत असू द्या की मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना आहे, रस्ता अपघातातल्या जखमीला अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये मिळू शकतो, आणि त्यासाठी अपघाताची नोंद होणं तुमच्याच फायद्याचं आहे. आणि रस्त्यावर पडलेल्याला उचलून आणणाऱ्याला स्वतःचं नावसुद्धा सांगायची सक्ती नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने त्याला संरक्षण दिलेलं आहे, हे तुमच्या आजूबाजूच्या पोरांनाही सांगा.

नंतर पोलिस स्टेशन. एफआयआरची कॉपी तक्रारदाराला फुकट मिळते, ती मागून घ्या. पंचनाम्याची कॉपीही लागेल. पोलिसांनी ४८ तासांत ट्रिब्युनलला पहिला अपघात रिपोर्ट पाठवायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर, २०२२ च्या नियमांपासून असं आहे, त्यामुळे तपास अधिकाऱ्याला अधूनमधून नम्रपणे विचारत राहा, साहेब रिपोर्ट गेला का. सीसीटीव्हीचं मात्र लगेच बघा. दुकानाचा, सोसायटीचा कॅमेरा थोड्याच दिवसांत जुनं पुसून नवीन लिहितो, म्हणून दुकानदाराला भेटून फुटेज ठेवायला सांगा आणि पोलिसांना लेखी अर्ज द्या की ते ताब्यात घ्या. अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर शिक्का घ्यायचा.

पोलिस स्टेशनच्या बाकावर "मिटवून टाका" हा कार्यक्रम होतोच. गाडीवाला वीस-पंचवीस हजार पुढे करतो, घरात पैसे नसतात, आणि कागदावर सही होते की आमची काही तक्रार नाही. त्या दिवशी पाय फक्त सुजलेला असतो, लिगामेंट तुटलंय हे एमआरआयमध्ये पंधरा दिवसांनी कळतं. उपचार कुठवर जाणार ते कळेपर्यंत कसल्याही समझोत्यावर सही करू नका, औषधाला पैसे घ्यावेच लागले तर पावतीवर "औषधोपचारासाठी, हक्क राखून" एवढं लिहा.

आता कुठे जायचं

लोकलमध्ये किंवा प्लॅटफॉर्मवर झालं तर रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनल, मुदत १ वर्ष. गाडीने झालं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, लोक एमएसीटी म्हणतात, मुदत ६ महिने. पैसे देऊन घेतलेल्या उपचारात हॉस्पिटलचा निष्काळजीपणा असेल तर ग्राहक आयोग, २ वर्षं. कामावर झालं तर लेबर कोर्टात, २ वर्षं. महापालिकेच्या विरोधात असेल तर ६ महिने आणि त्याआधी नोटीस. बाकी सगळं, म्हणजे लिफ्ट, पडलेली भिंत, दुकानातला अपघात, हे सिटी सिव्हिल कोर्टात, साधारण ३ वर्षांच्या आत, आणि मृत्यू झाला असेल तर वारसांनी २ वर्षांच्या आत. या तारखा आजच मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका, शेवटच्या तारखेच्या दोन महिने आधीचा रिमाइंडर लावून.

लोकलमधून पडलं तर

मुंबईसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४अ प्रमाणे प्रवासी चालत्या गाडीतून अपघाताने पडला तर रेल्वेची चूक होती का हा प्रश्नच येत नाही, भरपाई द्यावी लागते. २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख आहे, आणि जखमींसाठी कुठला अवयव गेला किंवा किती निकामी झाला यावर तक्ता ठरलेला आहे. दारात लटकून जात होता म्हणजे त्याचीच चूक, असं रेल्वे म्हणते, पण सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये जमीला यांच्या केसमध्ये सांगितलं की दारात उभं राहणं हा फार तर निष्काळजीपणा, त्याने भरपाई जात नाही. २०१८ च्या रीना देवी निकालात अजून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. चढता-उतरताना पडणं हेही यातच येतं, आणि खिशात तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं धरता येत नाही, घरच्यांनी आधी प्रतिज्ञापत्र देऊन सांगायचं आणि मग रेल्वेने उलट सिद्ध करायचं.

भरपाई नाकारायची कारणं कायद्यात मोजकी आहेत: आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा किंवा वेड, आणि नैसर्गिक आजार. याशिवाय रूळ ओलांडताना उडवलं तर ते १२४अ मध्ये बसत नाही, कारण तो पडण्याचा अपघात नाही. आणि नेमकी इथेच सगळी लढाई होते.

अपघात झाला की स्टेशन मास्तर एक मेमो काढतो, त्यावर लोहमार्ग पोलिस, म्हणजे जीआरपी, पुढची कारवाई करतात. त्या मेमोत कधी "अमुक लोकलमधून पडून जखमी" असतं, कधी "रूळ ओलांडताना" असतं, आणि कधी नुसतं "किलोमीटर अमुक जवळ जखमी अवस्थेत आढळला". मेमो लिहिणाऱ्याने बहुतेक वेळा अपघात पाहिलेलाच नसतो. कुर्ला आणि विद्याविहारच्या मध्ये रुळाच्या कडेला मुलगा सापडला, कोणी म्हणालं क्रॉस करत असेल, तेच मेमोत गेलं, तेच पंचनाम्यात उतरलं आणि तेच रेल्वेच्या रिपोर्टमध्ये. आता तो मुलगा डोंबिवलीला राहतो, भायखळ्याला कामाला जातो, कुर्ला-विद्याविहारच्या मध्ये रूळ ओलांडायला त्याचं तिथे काही कामच नाही, पण हे त्या वेळी कोणी विचारत नाही. म्हणून घरच्यांनी जीआरपीला जबाब देतानाच हे सगळं लिहून द्यायचं: तो रोज कुठून कुठे जायचा, किती वाजताची लोकल, कामाची वेळ काय, सोबत कोण असायचं, पास कधी काढलेला. जबाब वाचून मगच सही करा. ज्या डब्यातून पडला त्या डब्यातला एखादा रोजचा सोबती मिळाला तर त्याचा जबाब सोन्यासारखा आहे, ग्रुपवर मेसेज टाका, दुसऱ्या दिवशी त्याच लोकलला जाऊन विचारा.

पास, स्मार्ट कार्ड, मोबाईलमधलं तिकीट, जे असेल ते जपा. मोबाईल फुटला असेल तर तो टाकून देऊ नका, त्याच नंबरवर ॲपमधलं बुकिंग परत बघता येतंय का ते बघा, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पासचे पैसे गेलेले दिसतात. प्लॅटफॉर्म तिकीट घेऊन सोडायला आलेला माणूसही कायद्याने प्रवासीच धरला जातो, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

ट्रिब्युनलचं मुंबईत बेंच आहे. वर्ष उलटून गेलं असेल तरी लगेच हार मानू नका, योग्य कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार त्यांना आहे. माणूस आठ महिने अंथरुणावर होता याचे हॉस्पिटलचे कागद हे योग्य कारण आहे.

गाडीने ठोकलं तर

कार, रिक्षा, टेम्पो, बेस्टची बस, शेजाऱ्याची ॲक्टिव्हा, सगळं एमएसीटीमध्ये. दावा जिथे अपघात झाला तिथेच लावायला पाहिजे असं नाही, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेही चालतो, म्हणजे खोपोलीजवळ एक्सप्रेसवेवर अपघात झाला आणि तुम्ही भांडुपला राहता तर मुंबईतच लावा, रायगडला खेपा घालायची गरज नाही.

सहा महिन्यांची मुदत एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण तुम्ही त्यावर विसंबून बसू नका, सहाच महिने आहेत असं धरून चाला.

यात दोन रस्ते आहेत आणि नवीन माणूस इथे गोंधळतो. कलम १६४ मध्ये कोणाची चूक ते दाखवायचं नाही, मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, विषय संपला. कलम १६६ मध्ये ड्रायव्हरची चूक दाखवायची आणि प्रत्यक्ष नुकसान मोजून मागायचं, त्याला वरची मर्यादा नाही. आणि लक्षात ठेवा, इन्शुरन्स कंपनीकडून १६४ चे पैसे स्वीकारले की तुमचा १६६ चा दावा संपतो. कमावत्या तरुण माणसाला कायमचं अपंगत्व आलं असेल तर माझं स्पष्ट मत आहे की १६६ च लावा, अडीच लाखाला भुलू नका. चूक कोणाची हे दाखवणं खरंच कठीण असेल, साक्षीदार नाही, फुटेज नाही, तर १६४ घ्यायला हरकत नाही.

आता १६६ मध्ये पैसे कसे मोजतात ते एका उदाहरणाने बघू, कारण आकडा कुठून येतो हे समजलं की कुठला कागद का लागतो ते आपोआप समजतं. समजा ३४ वर्षांचा डिलिव्हरी करणारा मुलगा आहे, महिन्याला २० हजार कमावतो. वर्षाचे झाले २,४०,०००. त्याचं उत्पन्न पुढे वाढलंच असतं म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात, वय चाळीसच्या आत आणि पक्की नोकरी नाही म्हणून ४०, पक्की नोकरी असती तर ५०. हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून आलं. झाले ३,३६,०००. पाय असा मोडला की त्याची कमावण्याची ताकद ३० टक्क्यांनी कमी झाली असं कोर्टाने धरलं, तर वर्षाचं नुकसान १,००,८००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणतात, ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे, २००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता. म्हणजे १६,१२,८००. यावर हॉस्पिटलचा खर्च, पुढच्या ऑपरेशनचा खर्च, सोबतीला माणूस लागला त्याचा खर्च, बुडालेला पगार, वेदना, हे सगळं वेगळं, आणि व्याज.

आता यातला ३० टक्के हा आकडा बघा. मेडिकल बोर्ड सर्टिफिकेट देतं ते पायाच्या अपंगत्वाचं. पण बाईकवर दिवसभर फिरणाऱ्या मुलाचा गुडघाच वळत नसेल तर त्याचं काम ३० टक्के नाही, जवळजवळ पूर्णच जातं, आणि ऑफिसात बसून काम करणाऱ्याचं कदाचित अजिबात जात नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार केसमध्ये हेच सांगितलंय की अंगाचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं वेगळं मोजा. वरच्याच मुलासाठी कोर्टाने ६० टक्के धरलं तर १६ लाखांचे ३२ लाख होतात. म्हणून साक्ष देताना "मला त्रास होतो" एवढ्यावर थांबू नका. आधी मी दिवसाला किती ऑर्डर करायचो, जिने चढायला लागायचे का, किक मारता येते का, अपघातानंतर कुठे काम मागितलं आणि त्यांनी का नाही दिलं, हे सांगायचं. आणि सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला आणायची तयारी ठेवा.

पगाराची स्लिप नाही म्हणून लोक निराश होतात. जीपेचं स्टेटमेंट, पासबुक, ॲपवरची आठवड्याची कमाई, मुकादमाचं पत्र, हे सगळं चालतं, आणि काहीच नसेल तर कोर्ट किमान वेतनाचा आधार घेतं. गृहिणी असेल तर तिचं उत्पन्न शून्य धरत नाहीत, घरच्या कामालाही पैशात मोजतात, त्यामुळे वकिलाने अर्जात "काही करत नाही" असं लिहिलं असेल तर ते बदलून घ्या.

हेल्मेट नव्हतं, राँग साइडने येत होता, असं असेल तर दावा जात नाही, तुमच्या चुकीचा वाटा कापला जातो. ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं तरी घाबरू नका, बऱ्याच केसमध्ये कोर्ट इन्शुरन्स कंपनीला सांगतं की आधी जखमीला पैसे दे आणि मग मालकाकडून वसूल कर. बाईकच्या मागे बसलेल्याने मात्र पॉलिसी बघायची, नुसती थर्ड पार्टी असेल तर आपल्याच बाईकच्या कंपनीकडून त्याला मिळणं कठीण होतं, समोरच्या गाडीवर चूक असेल तर तिच्या कंपनीकडून मिळतं.

बेस्टच्या बसचं एक बघा, आता खूप बसेस भाड्याने घेतलेल्या असतात, बस लाल, कंडक्टर बेस्टचा, पण मालक आणि ड्रायव्हर ठेकेदाराचे. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बर्वे मार्गावर बस गर्दीत घुसली तीसुद्धा अशीच भाड्याची होती. अशा वेळी ड्रायव्हर, नोंदणीकृत मालक, बेस्ट आणि इन्शुरन्स कंपनी, सगळ्यांना दाव्यात पार्टी, म्हणजे प्रतिवादी, करा. एकाला सोडलं की बाकीचे त्याच्याकडेच बोट दाखवतात. नोंदणी कोणाची ते परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा.

गाडी पळून गेली, नंबर मिळालाच नाही तर हिट अँड रनची वेगळी योजना आहे, मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. रक्कम कमी आहे, आणि मला ती फारच कमी वाटते, पण हक्काची आहे, सोडू नका.

खड्डा, मॅनहोल, झाड

ऑगस्ट २०१७ च्या त्या पावसात एक नावाजलेले डॉक्टर परळ भागात उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, तेव्हापासून हा विषय हायकोर्टात आणि पेपरात येतोच आहे. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई हायकोर्टाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलसाठी आकडे ठरवून दिले: मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमीला इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. मुंबईत त्यासाठी महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती, आणि पैसे ६ ते ८ आठवड्यांत द्यायचे. म्हणजे वर्षानुवर्षं कोर्टात न जाता अर्ज करता येतो. त्यासाठी खड्ड्याचा फोटो त्याच दिवशीचा हवा, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून, बाजूची पाटी, विजेच्या खांबाचा नंबर किंवा दुकानाचं नाव दिसेल असा, कारण दुसऱ्या दिवशी तो खड्डा भरलेला असतो आणि मग तिथे खड्डा होताच हे कोण मानणार. फोटोत खोली कळावी म्हणून बाटली किंवा चप्पल बाजूला ठेवा.

याहून जास्त मागायचं असेल तर दिवाणी दावा, आणि तिथे मुंबई महापालिका कायदा १८८८ चं कलम ५२७ आडवं येतं. आधी लेखी नोटीस, मग एक महिना थांबायचं, आणि तरीही घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. नोटीस सहाव्या महिन्यात पाठवली की दोन्ही जमत नाही. राज्य सरकारच्या खात्याविरुद्ध असेल तर नोटीस दोन महिन्यांची.

झाड पडून लागलं तर जास्त कठीण. सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये राजकोट महापालिकेच्या केसमध्ये सांगितलं होतं की झाड पडलं एवढ्यावर पालिका जबाबदार होत नाही, ते धोकादायक आहे हे त्यांना माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं हे दाखवा. म्हणून आधीच्या तक्रारी शोधा. सोसायटीने पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार केली होती का, वॉर्ड ऑफिसला पत्र दिलं होतं का, तो तक्रार नंबर केसचा कणा आहे. कोणाकडे नसेल तर आरटीआय टाकून विचारा की या झाडाची शेवटची तपासणी कधी झाली, छाटणीचा अर्ज आला होता का. हे वाचणाऱ्या सोसायटीवाल्यांना माझी विनंती, पावसाळ्याआधी वाकलेल्या झाडाची तक्रार लेखी करा, पुढे कोणाच्या तरी उपयोगाला येईल, आणि न आली तर फारच उत्तम.

हॉस्पिटल आणि कामाची जागा

पैसे घेऊन उपचार करणाऱ्या हॉस्पिटलविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून डॉक्टरांची सेवा त्यात धरली जाते. तुम्ही भरलेलं बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि बिल ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. सगळ्यांना फुकट उपचार देणाऱ्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलला हा कायदा लागत नाही, तिथे दिवाणी कोर्ट. रेकॉर्ड लेखी मागा, ७२ तासांत द्यायचा नियम आहे. पण एक प्रामाणिकपणे सांगते, पेशंट बरा झाला नाही किंवा दगावला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नाही, त्या जागी दुसऱ्या साधारण जाणत्या डॉक्टरनेही तेच केलं असतं का हा प्रश्न असतो. म्हणून वकिलाच्या आधी त्याच विषयातल्या दुसऱ्या डॉक्टरला पूर्ण फाइल दाखवा, आणि त्याने सांगितलं की यात चूक दिसत नाही, तर ते ऐका.

कामावर लागलं तर मालकाची चूक दाखवायची गरज नाही, काम करताना आणि कामामुळे झालं एवढं पुरतं. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, कापलं जात असेल तर तिथेच जा. ठेकेदाराकडे कामाला असाल, नाव मस्टरवर नसेल, तरी मूळ मालकालाही पार्टी करता येतं. साइटवरचे फोटो, ग्रुपमधले मेसेज, पगाराचे ऑनलाइन आलेले पैसे, सगळं जपून ठेवा.

वकील आणि पैसे

हॉस्पिटलच्या बाहेर किंवा वॉर्डात माणसं येतात, "क्लेम करून देतो, आधी एक रुपया नको, नंतर तीस टक्के द्या", आणि कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या चेकवर सह्या घेतात. भारतात वकिलाला निकालाच्या रकमेवर टक्का ठरवून घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. कोऱ्या कागदावर सही नाही, मूळ कागद कोणाला द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायच्या, आणि फी किती, कधी कधी, हे लिहून घ्यायचं.

पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. महिला, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कामगार यांना उत्पन्न न बघता, आणि बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. हेल्पलाइन १५१००. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील असं समजू नका, मी चांगले बघितलेत, फक्त तुम्ही फाइल नीट लावून न्या: तारखेप्रमाणे बिलं, एफआयआर, पंचनामा, एमएलसी, डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, कमाईचे कागद, आधार, पॅन. औषधाच्या थर्मल पेपरवरच्या पावत्या दोन वर्षांत पांढऱ्या पडतात, त्यांची झेरॉक्स लगेच काढा.

लोकअदालतीत तडजोड होते आणि पैसे लवकर येतात, पण तिथे ठरलं की सहसा अपील नाही. म्हणून जायच्या आधी वरच्या पद्धतीने स्वतःचा आकडा कागदावर काढून घ्या, आणि दुसरं ऑपरेशन बाकी असेल तर ते धरून.

एमएसीटीच्या निकालाने समाधान झालं नाही तर हायकोर्टात ९० दिवसांत अपील करता येतं. आणि निकाल तुमच्या बाजूने लागला की पूर्ण रक्कम हातात येईलच असं नाही, कोर्ट बऱ्याचदा त्यातला काही भाग एफडीमध्ये ठेवायला सांगतं, विशेषतः विधवा आणि लहान मुलांच्या नावाने, म्हणजे नातेवाईक किंवा एजंट तो काढून नेऊ शकत नाहीत. खातं जखमीच्या किंवा वारसाच्या स्वतःच्या नावाचंच द्या, दिराच्या किंवा भावाच्या नाही. मध्येच ऑपरेशनला किंवा शाळेच्या फीला पैसे लागले तर एफडी मोडायचा अर्ज त्याच ट्रिब्युनलमध्ये करता येतो, सोबत हॉस्पिटलचं एस्टिमेट किंवा फीची पावती जोडायची.